समुपदेशनसुद्धा बागायतीच!

जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर या वेळी कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि पीकविमा यांच्या खाली चौथा विषय घातला आहे : व्यसनमुक्तीच्या सेवेत कोरडवाहू माणसाचा वाटा. विषय वाचून काही मंडळी हसली. एका जुन्या सहकाऱ्याने तर तोंडावरच विचारले, "आता आपण कीर्तनं करत हिंडायचं का?"

कीर्तन करायचे नाही. दारू वाईट हे मायबहिणींना आम्ही सांगायची गरज नाही. त्यांच्या पाठीवर त्याचे वळ आहेत. आम्हांला हिशेब मांडायचा आहे. दारूच्या आणि अमली पदार्थांच्या विळख्यातून माणूस सुटावा म्हणून सरकारच्या पैशाने एक सेवा चालते. तिथे डॉक्टर असतो, औषध असते, समुपदेशक असतो. कागदावर ती सेवा सर्वांना खुली आहे. प्रत्यक्षात ती कोणाच्या बांधापर्यंत येते आणि कोणाच्या बांधापर्यंत येत नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. पाण्याच्या, विजेच्या, कर्जाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला आपण शिकलो. इथेही तोच विचारायचा.

रस्त्याकडेचा शेतकरी

कृषी महाविद्यालयात आम्हांला विस्तार शिक्षण हा विषय होता. त्यात 'प्रशिक्षण आणि भेट' नावाच्या जुन्या योजनेचा धडा पाठ करून आम्ही परीक्षा दिली. जागतिक बँकेच्या मदतीने ही योजना देशभर राबवली गेली. शास्त्रज्ञाने अधिकाऱ्याला शिकवायचे, अधिकाऱ्याने गावच्या कर्मचाऱ्याला, कर्मचाऱ्याने निवडक 'संपर्क शेतकऱ्यां'ना, आणि त्यांच्यापासून ज्ञान पाझरत पाझरत साऱ्या शिवारात जायचे, अशी ती रचना. पदवी घेऊन गावात आलो तेव्हा जुन्या माणसांनी धड्याचा पुढचा भाग शिकवला. संपर्क शेतकरी बहुधा तोच असायचा, ज्याचे शेत डांबरी रस्त्याला लागून, ज्याच्या विहिरीला पाणी आणि ज्याच्या ओसरीवर साहेबाला चहा. बरडावरच्या पऱ्हाटीपर्यंत पाझर काही पोचला नाही. कोणी हुकूम काढून कोरडवाहूला वगळले नव्हते. साहेबाची मोटारसायकल जिथवर जात होती, तिथवर विस्तार गेला.

व्यसनमुक्तीच्या समुपदेशनाचे तेच झाले आहे. ही सेवा आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस होता. तो पुरुष आहे. शहरात किंवा शहराजवळ राहतो. त्याला महिन्याला पगार आहे आणि हक्काची रजा आहे. त्याला छापील मराठी समजते. त्याच्यासोबत केंद्रात येऊन बसायला घरात मोकळा माणूस आहे. हा माणूस आजारी पडला तर त्याला मदत मिळावी, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण सेवेचा दरवाजा त्याच्याच मापाने बसवला, तर बाकीच्यांनी वाकून जायचे की बाहेर उभे राहायचे?

आकडा सरकारचाच घ्या. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयामार्फत देशभर पाहणी केली आणि 2019 साली अहवाल छापला. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक देशात 5 कोटी 70 लाखांच्या घरात निघाले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार घेणारा 180 मध्ये एक, असे त्या अहवालात लिहिले आहे. 38 पिशव्या बियाणे पेरले आणि एकच उगवले, तर आपण बियाणे कंपनीला धारेवर धरतो. इथे मात्र सारा दोष जमिनीला : "हे लोक येतच नाहीत हो!"

"दिवाळीनंतर येतो"

का येत नाहीत, ते आम्ही एकदा जवळून पाहिले. आमच्याच एका शाखेतला भाऊ. पाच एकर कोरडवाहू. निम्म्यात कापूस, निम्म्यात तूर-ज्वारी. आंदोलनात पहिल्या फळीत असायचा. पिणे आधी बाजाराच्या दिवशी होते, मग संध्याकाळचे झाले, मग सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी घोट लागायला लागला. एके दिवशी तो आपल्या तोंडाने म्हणाला, "मले सोडाची आहे, कुठं नेता?" दारुड्याच्या तोंडून हे वाक्य यायला वर्षे जातात. आम्ही त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी एका केंद्रात घेऊन गेलो.

केंद्रातली माणसे वाईट नव्हती. नियम समजावून सांगितले. तीस दिवस भरती. सोबत नातेवाईकाची सही, पहिले काही दिवस नातेवाईकाचा मुक्काम. आगाऊ रक्कम थोडी, पण रोख. भरती व्हायचे नसेल तर दर आठवड्याला मंगळवारी दहा ते एक या वेळात समुपदेशन. महिना ऑक्टोबरचा होता. पहिली वेचणी तोंडावर. रात्री रानडुकरांसाठी जागल. बायको दुसऱ्याच्या वावरात मजुरीने वेचायला जाणार तेव्हा घरात मीठमिरची येणार. गावाहून पहिली एसटी निघते ती तालुक्यालाच साडेनऊला लागते. जिल्ह्याला पोचेपर्यंत एक वाजून जातो. त्याने सगळे ऐकून घेतले, हात जोडले आणि म्हणाला, "दिवाळीनंतर येतो."

परत आल्यावर त्याने आपल्या जिद्दीवर एका दिवसात दारू बंद केली. गावाने शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी घाम आणि थरथर, त्या रात्री झटका आला, तिसऱ्या दिवशी त्याला घरात नसलेली माणसे दिसू लागली. जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेला म्हणून वाचला. तिथल्या डॉक्टरांनी आम्हांला जे सांगितले ते प्रत्येक शाखेने लिहून ठेवावे : रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाने दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधाच्या आधाराने सोडावी. खोलीत कोंडून, शपथ घालून, झाडाला बांधून दारू सोडवणे म्हणजे मर्दानगी नव्हे, अडाणीपणा आहे.

तो भाऊ आज पूर्ण सुटला, असे लिहायला आम्हांला आवडले असते. कधी सहा महिने कोरडा राहतो, कधी घसरतो. हा आजारच तसा आहे. मधुमेहासारखा, पुन्हा पुन्हा सांभाळायचा. पण त्या ऑक्टोबरमध्ये तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी कोणी भेटले असते, तर तो तेव्हाच उपचाराला लागला असता. दरवाजापर्यंत येऊन परत गेला, याचे कारण त्याचा दुबळेपणा नव्हता. दरवाजाची वेळ होती.

दरवाजाबाहेर आणखी कोण?

तो निदान पुरुष होता आणि त्याची भाषा केंद्राला कळत होती. आता त्याच्याही मागे उभी असलेली रांग पाहा.

पहिल्या बाया. बाई म्हटली की व्यसनमुक्तीवाल्यांना ती दारुड्याची बायको म्हणूनच आठवते. तिला बोलावतात, समजावतात, "त्यांना सांभाळून घ्या" म्हणतात. तिला काय झाले, ती झोपते का, मार खाते का, हे विचारायला वेळ नसतो. आणि बाई स्वतः व्यसनात असेल तर? महाराष्ट्रात मोठ्या वयाच्या बायकांपैकी 17 टक्के तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात वापरतात, असे 2016-17 च्या सरकारी पाहणीत निघाले. वेचणीत, निंदणीत दुपारची भूक मारायला खर्रा किंवा तंबाखूची चिमूट चालते, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या ओळखीची एक मजूर बाई नवरा गेल्यावर रात्री झोप लागत नाही म्हणून घोट घेऊ लागली. तिने दवाखान्यात खोकला सांगितला, दारू सांगितली नाही. सांगितली असती तर गावात तिचे नाव झाले असते. पुरुष पितो तर 'नाद लागला', बाई प्यायली तर 'वाया गेली', हा न्याय आपलाच आहे आणि तो दवाखान्याच्या दारातही पाहरा देतो. पुण्याचे मुक्तांगण 1986 साली सुरू झाले. पुढे तिथे बायकांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग काढावा लागला. पुरुषांच्या खोलीत एक जादा खाट टाकून बाईची सोय होत नाही, हे त्या जाणत्या मंडळींनी ओळखले. आपल्या जिल्ह्यांतून पुणे किती दूर, ते वेगळे सांगायला नको.

दुसरे, ज्यांची भाषा वेगळी. कोलामाच्या पोडावरचा माणूस कोलामी बोलतो, तांड्यावरचा गोरमाटी. बाजारापुरती मराठी त्याला येते, पण मनातली लाज आणि भीती माणूस बाजाराच्या भाषेत सांगत नाही. मग दुभाषा म्हणून शाळेतल्या पोराला पुढे करतात. बापाने आपली दारू लेकराच्या तोंडून साहेबाला सांगायची! याला समुपदेशन म्हणायचे?

तिसरे, ज्यांच्याकडे सरकार आधीच संशयाने बघते. इंग्रजाने 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1952 साली तो शिक्का कायद्यातून गेला, पण ठाण्यातून आणि गावातून गेला नाही. फासेपारध्याच्या बेड्यावरचा माणूस "मी दारूत बुडालो, मला सोडवा" असे सरकारी टेबलापुढे सांगेल का? त्याच्या अनुभवात सरकारी टेबलापुढे बोललेले प्रत्येक वाक्य पुढे पंचनाम्यात येते.

आणि शेवटी ज्यांची आपण गणतीच करत नाही. तृतीयपंथी माणसाला बायकांच्या खोलीत ठेवायचे की पुरुषांच्या, यावरच केंद्राचे घोडे अडते आणि तो माणूस परत जातो. ऐकू न येणाऱ्याशी बोलायला कोणी नसते. पायाने अधू माणसाला पहिल्या मजल्यावरची खोली. भाड्याने शेत करणारा, सालदार, ऊसतोडीला गेलेले कुटुंब, यांचा पत्ताच बदलत असतो. त्यांची नोंद एका गावी आणि माणूस दुसऱ्या जिल्ह्यात.

सारखेपणा म्हणजे सारखे माप नव्हे. काळ्या कसदार जमिनीला आणि मुरमाड बरडाला खताची एकच शिफारस करणाऱ्या कृषी पदवीधराला आपण बांधावरून हाकलून देऊ. मग सगळ्यांना एकच दरवाजा, एकच वेळ, एकच भाषा देऊन "आम्ही कोणातही भेद करत नाही" म्हणणाऱ्या खात्याचे ऐकून का घ्यायचे?

आम्ही गप्प का राहिलो?

आता थोडे आपल्याकडे. या विषयावर चळवळीने इतकी वर्षे तोंड मिटून घेतले होते, हे कबूल केले पाहिजे. त्याला कारण होते. शेतकऱ्याने जीव दिला की पंचनामा होतो आणि मदत द्यायची की नाही हे नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांवर ठरते. त्या कागदावर कोणी 'दारूचे व्यसन' असा शेरा मारला की घर अपात्र. 1 लाखाची मदत तर गेलीच, वर मेलेल्या माणसाची बदनामी. सभेत पुढारी सांगायला मोकळे : भाव नाही म्हणून नव्हे, पितात म्हणून मरतात. या भीतीने आम्ही दारूचा शब्दच टाळला. दारूचे नाव घेतले की भावाचा प्रश्न बुडेल, असे वाटले.

ती भीती खोटी नव्हती, पण तिची किंमत चुकीच्या माणसांनी मोजली. आम्ही गप्प राहिलो म्हणून शेरे मारणारे थांबले नाहीत. फक्त मदत मागणाऱ्याला आपल्यातच ऐकणारा कोणी उरला नाही. कर्ज आणि दारू एकमेकांना खेचतात. तगाद्याने झोप उडते, झोपेसाठी घोट लागतो, घोटासाठी उधारी होते, उधारीने पुन्हा तगादा. एका टोकाला हात घातला म्हणून दुसरे टोक खोटे ठरत नाही. उलट, दारू हा आजार आहे असे एकदा मान्य केले की आजारी माणूस मेला म्हणून त्याच्या विधवेची मदत अडवणाऱ्याला जाब विचारता येतो. हृदयविकाराचा रोगी कर्जबाजारी नसतो, असे कोणी म्हणते का?

काही सहकारी म्हणतात, कापसाला भाव मिळू द्या, दारू आपोआप सुटेल. आम्ही भावासाठी तुरुंगात गेलेली माणसे आहोत, तरी हे पटत नाही. पाटाच्या पाण्याखालच्या, पैसा खेळणाऱ्या गावांतही दारू आहे. भाव हा आपला हक्क आहे; तो व्यसनाचे औषध नाही.

काही मायबहिणी म्हणतात, आधी दुकान बंद करा. त्यांच्या म्हणण्यात जोर आहे. बायकांनी मतदान करून 'आडवी बाटली' निवडली आणि दुकाने बंद पाडली, हा महाराष्ट्राच्या इतिहासातला मोठा पराक्रम आहे. गडचिरोलीत लोकांच्या रेट्याने 1993 साली जिल्हाभर बंदी आली. चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठली. पण दुकान उघडे असो की बंद, जो आधीच आहारी गेला आहे त्याला हात द्यावाच लागतो. बंदीला 23 वर्षे झाल्यावर, 2016 साली, गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हे काम उभे राहिले, त्यात गावोगाव जाण्याची आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचाराची सोय आहे. बंदी आणि उपचार ही एकाच जोडीची दोन बैले आहेत.

पदवीवाचूनही होते

आता सरकारचे नेहमीचे उत्तर येईल : एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? गावात मानसोपचारतज्ज्ञ यायला तयार नाहीत. हे खरे आहे. पण त्याचा तोडगा आपल्या शेजारीच निघाला आहे.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगात' या संस्थेने एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केले. दारूने ज्यांचे नुकसान सुरू झाले आहे, पण जे अजून पूर्ण आहारी गेलेले नाहीत, अशा पुरुषांशी त्यांनी एक ते चार वेळा बसून बोलायचे. उपदेश नाही, शपथ नाही. पिण्याने तुझे काय जाते आणि तुला काय हवे, हे त्याच्याच तोंडून काढायचे आणि मार्ग त्यालाच ठरवू द्यायचा. तीन महिन्यांनी तपासले. समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के लोक मागच्या चौदा दिवसांत एक थेंबही प्यायले नव्हते. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण 18 टक्के होते. हे निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

आम्हां शेतीवाल्यांना यातली गोम लगेच कळावी. बोंडअळीची संख्या नुकसानीच्या पातळीला येताच उपाय करायचा, सगळी बोंडे किडल्यावर फवारणी करून उपयोग नाही, हे आपण शिकलो. आजची सेवा बोंडे किडण्याची वाट पाहते. गोव्याच्या प्रयोगाने पातळीवरच माणसाला गाठले. मात्र एक गोष्ट विसरू नये : त्या प्रयोगात सगळे पुरुषच होते. चांगल्या प्रयोगातही बाईची पाळी मागाहूनच येते.

दुसरे उदाहरण आपल्याच मातीतले. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, मनाच्या आजारांसाठी गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते. कार्यक्रमानंतर ते 27.2 टक्के झाले. माणसे तीच, गरिबी तीच, कापूस तोच. सेवा घरापर्यंत आली तेव्हा "हे लोक येतच नाहीत" हे वाक्य खोटे पडले.

सरकारला हे माहीत नाही असे नाही. 2015 साली आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' निघाला आणि आशाताईंना घरोघर प्रश्नावली घेऊन पाठवले गेले. विचार योग्य होता. पण मोबदल्यावर राबणाऱ्या, आधीच दहा कामांचे ओझे वाहणाऱ्या बाईच्या हातात अकरावा कागद दिला म्हणजे समुपदेशन होत नाही. तिला शिक्षण द्या, वेळ द्या आणि त्या वेळेचे दाम द्या. घामाचा हिशेब तिलाही लागू आहे.

भीक नाही, कायदा आहे

पैसा नाही, हेही कोणी सांगू नये. दारूवरच्या उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत 2022-23 सालापासून वर्षाला 20 हजार कोटींच्या वर रक्कम जाते. त्यात आपल्या गावच्या पव्व्याचाही वाटा आहे. विकताना दारू प्रत्येक पाड्यावर पोचते. उपचार मात्र जिल्ह्याच्या पलीकडे येत नाही. रस्ता विक्रीला सापडतो, तो उपचाराला का सापडू नये?

आणि मागणी दयेची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली संसदेने केला, 2018 पासून तो लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजार त्यात धरले आहेत. लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व, सामाजिक किंवा राजकीय मत, यांपैकी कशावरूनही भेद न करता परवडणारी, दर्जेदार आणि जवळ मिळणारी सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे कलम 18 सांगते. जिल्ह्यात सरकारची किमान सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेचा खर्च सरकारने सोसायचा, असेही त्यात आहे. रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. हा कायदा तहसीलदाराच्या कपाटात पडून आहे; तो बाहेर काढणे आपले काम.

बैठकीपुढचा ठराव

म्हणून आम्ही जिल्हा बैठकीपुढे पुढील मागण्या ठेवत आहोत.

एक, प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी दोन ते सहा, व्यसनमुक्तीचा डॉक्टर आणि समुपदेशक बसावा. बाजाराला सगळेच येतात. तिथे जाताना कोणाला कारण सांगावे लागत नाही.

दोन, दारू सोडतानाच्या झटक्यांवरचे औषध आणि दोन खाटा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असाव्यात. लांबच्या भरतीची तारीख हंगाम बघून, उलंगवाडीनंतरची मिळावी.

तीन, बायकांसाठी वेगळा दिवस, बाई समुपदेशक आणि लेकराला बसवायला जागा असावी. दारुड्याच्या बायकोला स्वतःचे दुखणे सांगायची वेळ नवऱ्याच्या वेळेतून कापून देऊ नये, वेगळी द्यावी. तृतीयपंथी माणसाला कुठे राहायचे, हे त्यालाच विचारावे.

चार, पोड, तांडा आणि बेडा इथे त्याच समाजातल्या, त्याच भाषेच्या माणसांना शिकवून नेमावे आणि त्यांना ठरलेले मानधन द्यावे. नोंदवही पोलिसांच्या हाती जाणार नाही याची लेखी हमी हवी.

पाच, आत्महत्येच्या पंचनाम्यातला व्यसनाचा शेरा मदत नाकारण्याचे कारण धरला जाऊ नये.

सहावी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपल्या हातात आहे. आपल्या सभेत, शाखेत, मोर्चाच्या ट्रकमध्ये 'बेवडा' हा शब्द बंद करायचा. प्रत्येक शाखेने एक पुरुष आणि एक बाई निवडावी. कोणी मदत मागितली तर त्याच्यासोबत तालुक्याला जायचे, त्याच्या वावराची जागल तेवढे दिवस वाटून घ्यायची आणि त्याचे नाव बाहेर काढायचे नाही. तोवर 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा मनाच्या आजारांचा सरकारी दूरध्वनी क्रमांक शाखेच्या फलकावर लिहून ठेवावा. दोन्ही फुकट आहेत.

गेल्या महिन्यात त्या भावाच्या घरी आम्ही हा मसुदा वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. त्याची बायको चुलीजवळून म्हणाली, "बाजाराच्या दिवशीचं पयले लिवा. बाकी मंग."

तिचे ऐकून तीच मागणी पहिली ठेवली आहे. बैठकीत हात वर करताना एवढे लक्षात असू द्या.